दिवेलागणीनंतर ब्रश खाली ठेवणारे बाबा : सोलापुरी चादरीच्या एका नक्षीकाराची आठवण

कंबरतलाव (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध आहे. त्याआधी त्यांच्याबद्दल नीट लिहावं असं केव्हापासून मनात आहे. शिवाय त्यांच्या खोलीत कागदांच्या गुंडाळ्या आणि माळ्यावर पुठ्ठ्याच्या पत्त्यांच्या माळा पडल्या आहेत, त्यांचं काय करायचं हेही जाणकारांना विचारायचं आहे. म्हणून दोन्ही एकाच धाग्यात. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, आईला ते आवडणार नाही. सोलापूरच्या पूर्व भागातले जुने कारखानदार आणि मागवाले वाचून ओळखतीलच.

बाबा जकार्ड डिझायनर होते. आजोबा जुन्या गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम. जुनी गिरणी म्हणजे 1877 साली सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, शहराची पहिली कापडगिरणी. बाबांनी माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून टेक्स्टाइलचा डिप्लोमा केला आणि सोलापुरातल्याच एका गिरणीच्या डिझाइन खात्यात चिकटले. पुढे नव्वदच्या दशकात ती गिरणी बंद पडली. देणी बरीच वर्षं थकली होती. त्यानंतर ते घरूनच पूर्व भागातल्या चादर कारखान्यांसाठी नक्षी काढू लागले.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. चादरीवर मोर, वेल, कमळ दिसतं ते छापलेलं नसतं, विणलेलं असतं. विणताना प्रत्येक आडव्या धाग्याच्या वेळी कुठले उभे धागे वर उचलायचे आणि कुठले खाली ठेवायचे, हे मागाला कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगतात पुठ्ठ्याचे पत्ते. पत्त्याला भोक असेल तर धागा उचलला जातो, नसेल तर जागेवर राहतो. एका आडव्या धाग्याला एक पत्ता. इंचाला 40 आडवे धागे धरले आणि नक्षी 20 इंचांनी पुन्हा सुरू होत असेल, तर एका नक्षीला 800 पत्ते लागतात. हे पत्ते ठोकण्याआधी सगळी नक्षी ग्राफच्या कागदावर चौकट-चौकट रंगवायची. एक उभी रांग म्हणजे एक उभा धागा, एक आडवी रांग म्हणजे एक आडवा धागा. ल्योंच्या जोसेफ मारी जकार्डने 1804 च्या सुमारास ही युक्ती मागावर बसवली आणि आमच्या घरातली चूल त्याच युक्तीवर पेटत राहिली.

बाबांची बैठक उत्तरेच्या खिडकीपाशी होती. उतरतं टेबल, पोस्टर कलरच्या बाटल्या, दोन नंबरचा ब्रश. उजेड कमी झाला की ब्रश खाली. ट्यूबलाइटखाली निळा आणि हिरवा एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात, म्हणून रंगाचा निर्णय रात्री घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम. दिवाळीच्या आधी कारखानदार दारात बसलेले असायचे. तेव्हाही बाबांनी हा नियम मोडलेला मला आठवत नाही. "उद्या सकाळी आठला या, चहा घ्या, नक्षी न्या," एवढंच म्हणायचे.

त्यामुळे संध्याकाळ आमची. मला हे लिहायचंच होतं. लोक म्हणतात, एवढा कामाचा माणूस, घराला वेळ कसा द्यायचा? त्यांच्या कामाचाच कायदा होता की सूर्य मावळला की काम संपलं, आणि त्यांनी तो कायदा आमच्यासाठी मनापासून पाळला. ट्यूबलाइटखाली ग्राफची साधी आखणी करता आली असती, हिशेब करता आला असता. ते करत नसत. भाकरी थापायला बसत.

आईला आमवात. मी चौथीत असताना तिची बोटं वाकडी व्हायला लागली. बाबांनी तिचे ब्लाउज शिंप्याकडून उघडवून हुकांच्या जागी नाड्या बसवून घेतल्या. चमच्यांच्या, उलथन्याच्या, कंगव्याच्या दांड्यांवर हार्नेसचा (मागावर उभे धागे उचलणाऱ्या दोऱ्यांच्या बांधणीचा) जाड दोरा गुंडाळून त्या तिच्या मुठीत मावतील इतक्या जाड केल्या. बारीक दांडी धरताना सांध्यावर ताण येतो, जाडीला कमी येतो, हे त्यांना कुणा डॉक्टरने सांगितलं नव्हतं. मागावरचे मूठदांडे बघून त्यांनीच ठरवलं होतं. पुढे तिच्या डॉक्टरांनी ते चमचे हातात घेऊन दुसऱ्या पेशंटना दाखवले.

आईची वेणीही तेच घालायचे. इचलकरंजीहून, भिवंडीहून, एकदा थेट सुरतेहून जास्त पगाराच्या नोकऱ्या आल्या. "तिला कोरडी हवा मानवते, दमट हवेत सांधे जास्त दुखतात," म्हणून त्यांनी तिन्हींना नकार दिला. मला आता वाटतं की हवा हे एक कारण होतं. तिचं माहेर, तिच्या बहिणी, तिच्या बोलण्याचा ढंग, सगळं सोलापुरात होतं, आणि ते सोडून तिने नव्या गावी हात दुखवत संसार मांडावा हे त्यांना मान्यच नव्हतं.

गुंडाळ्यांबद्दल : ग्राफ साधारण एक पेटी भरून आहेत. पत्त्यांच्या माळा माळ्यावर. काहींना कसर लागली आहे. भंगारवाला दोनदा विचारून गेला. सांगा, काय करू?

---

हुरडा

ताई, वाचून गलबलून आलं. तुमच्या वडिलांना ओळखत नव्हतो, पण आमच्या घरी लग्नात आलेली मोरांची चादर अजून आहे. मरून आणि पिवळी. आईने तीस वर्षं धुतली, रंग उतरला पण वीण उसवली नाही. एका बाजूने जमीन मरून, उलटी केली की जमीन पिवळी आणि मोर मरून. लहानपणी आम्ही भावंडं त्यावर भांडायचो की खरी बाजू कुठली. ती तुमच्या बाबांची होती का हे आता कसं कळणार, पण कुणाच्या तरी बाबांची होती हे आज पहिल्यांदा मनात आलं.

भंगारात देऊ नका एवढंच म्हणेन.

---

पियानो_मशिन

ताई, मी मास्तरांकडे, म्हणजे तुमच्या बाबांकडे, पत्ते ठोकायला होतो. तुम्ही शाळेतून यायचा तेव्हा मी खिडकीखाली बसलेला असायचो, आठवत असेल तर.

पत्ते ठोकायच्या यंत्राला आम्ही पियानो मशिन म्हणतो. बोटांखाली बटणं, पायाखाली पॅडल. ग्राफची एक रांग डोळ्यांनी वाचायची, बोटांनी दाबायची, पायाने ठोकायची. मी दहावी नापास होऊन बसलो होतो, माझे मामा मला मास्तरांकडे घेऊन गेले. पहिल्या दिवशी मास्तरांनी मला मशिनला हात लावू दिला नाही. एक विणलेला तुकडा दिला, भिंग दिलं, म्हणाले, "याच्यात चूक कुठंय शोध, आणि ती पत्त्याची का मागाची ते सांग." मी दुपारपर्यंत बसलो. मग त्यांनी दाखवलं. चूक प्रत्येक नक्षीत बरोबर त्याच जागी परत परत आली तर पत्ता चुकलाय. चूक कापडाच्या लांबीभर एका रेघेत उतरली तर उभा धागा किंवा तो उचलणारा हुक. आणि एकदाच येऊन गेली तर विणणाऱ्याचा धागा तुटला होता, त्याला काही बोलायचं नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं होतं.

कारण काय, चूक निघाली की कारखान्यात पहिला राग मागवाल्यावर निघतो. त्याची मजुरी कापतात. मास्तर स्वतः जाऊन तुकडा बघायचे आणि पत्ता चुकला असेल तर सरळ म्हणायचे, "माझ्याकडची आहे, त्याचे पैसे कापू नका." चूक बहुतेक वेळा मी ठोकलेली असायची. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. घरी आल्यावर तो पत्ता माझ्या पुढ्यात ठेवायचे, मी नवा ठोकायचो, माळेत ओवायचो, संपलं.

एक राहिलं. ग्राफचा कागद पण सगळा सारखा नसतो. इंचातले उभे धागे आणि आडवे धागे यांचं प्रमाण बघून कागद घ्यावा लागतो. चुकीच्या कागदावर गोल काढला की चादरीवर अंडं विणलं जातं. नवीन पोरं हे विसरायची. मास्तर कागद हातात घेतल्याबरोबर सांगायचे, ही नक्षी कुठल्या मागावर चालेल आणि कुठल्या नाही.

तुमच्या प्रश्नाचं : ग्राफच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक लिहिलेलं असेल. किती हुकांची मशिन, हार्नेस सरळ बांधलाय का आरशासारखा, इंचाला किती धागे. ते कापू नका, पुसू नका. आरशासारख्या बांधणीत अर्धीच नक्षी काढतात, उरलेली अर्धी माग आपोआप उलटी काढतो. ज्याला हे माहीत नाही तो म्हणेल कागद अर्धा फाटलाय.

मी आता संगणकावर काम करतो, इलेक्ट्रॉनिक जकार्डच्या फाइली बनवतो. मास्तरही शेवटी शिकले होते. साठी जवळ आली होती, आणि माझ्याच शेजारी खुर्ची टाकून वहीत लिहून घ्यायचे, कुठली कळ दाबायची ते. मला लाज वाटायची त्यांना शिकवायला. ते म्हणाले, "काय कराललास बे, लाजून? दाखव परत."

---

भुईकोट

उत्तम धागा. चादर कुणाच्या बाबांची, हे वर वाचून एक मुद्दा मांडतो, राग मानू नये.

चादरीवर कारखान्याचं लेबल असतं, मागवाल्याचं नाव नसतं, रंगाऱ्याचं नसतं, खळ देणाऱ्याचं नसतं. मग डिझायनरचंच का असावं? सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते गावाच्या नावाने मिळालं, आणि मला ते योग्य वाटतं. ही सामुदायिक कला आहे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या ती इथे रुजवली. त्यातून एकाचं नाव वेगळं काढणं बाकीच्यांवर अन्याय नाही का?

---

कंबरतलाव

@पियानो_मशिन, दादा, आठवतंय. तुम्ही मला रिकाम्या पत्त्यांचे किल्ले करून द्यायचा. तुम्ही इथे भेटाल असं वाटलं नव्हतं. मजुरी कापण्याची गोष्ट मला आज कळली. घरी त्यांनी ती कधीच सांगितली नाही.

@भुईकोट, राग नाही. बाबांनीही कधी नाव मागितलं नाही. पण मी मागते. मागवाल्याचं नाव नसतं म्हणून डिझायनरचंही नको, असं म्हणण्याऐवजी दोघांचीही लिहूया ना. बाबांच्या वहीत प्रत्येक नक्षीपुढे ती पहिल्यांदा कुणाच्या मागावर चालली, त्या विणकराचं नाव लिहिलेलं आहे. पहिलं कापड उतरताना तो काय म्हणाला तेही. "मोराची मान जड, पाठीला धागा लोंबतो." मग खाली बाबांची दुरुस्ती. लांब सुटलेला धागा बोटात, पैंजणात अडकतो आणि चादर खेचली जाते, म्हणून मध्येच एक टाचण देऊन तो बांधावा लागतो. ती टाचण नक्षीत दिसू नये अशी कुठे द्यायची, यावर दोघांनी मिळून दोन-दोन पानं खर्च केली आहेत. नक्षी दोघांची आहे आणि वहीत नावंही दोघांची आहेत. ही वही कारखान्याच्या लेबलापेक्षा खरी आहे, म्हणून मला ती जपायची आहे.

---

कागदपत्र

पुण्यात एका संग्रहात जुन्या कागदांचं काम करते, म्हणून थोडं व्यवहाराचं.

लॅमिनेशन अजिबात नको, ते परत काढता येत नाही. फाटलेल्या ठिकाणी सेलोटेप नको, काही वर्षांत तो पिवळा पडून कागदच खातो. गुंडाळ्या एकदम उलट्या ताणून सरळ करू नका, रंगाचा थर तडकेल. सपाट टेबलावर थोडं थोडं उलगडत कडांवर हलकी वजनं ठेवा, एक-दोन दिवसांत कागद स्वतःच सपाट होईल. पोस्टर कलर पाण्यात विरघळतो, तेव्हा ओला फडका चुकूनही नको. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका. कसर लागलेले कागद आजच बाकीच्यांपासून वेगळे करा. डांबराच्या गोळ्या कागदाला लागून ठेवू नका. वेखंडाची पुरचुंडी पेटीत एका कोपऱ्यात चालेल.

मोबाइलने फोटो काढायचे तर दिवसा, फ्लॅश बंद, कागदाच्या बरोबर वरून, आणि शेजारी एक पट्टी ठेवून. पट्टीमुळे नंतर माप काढता येतं. कागदाची मागची बाजूही घ्या. हिशेब आणि नावं बऱ्याचदा मागेच असतात.

पत्त्यांच्या माळा सुट्या करू नका. क्रम गेला तर सगळं गेलं.

मूळ कागद घरीच ठेवायचे की संस्थेला द्यायचे हे नंतर ठरवा. सोलापूर विद्यापीठाकडे विचारून बघता येईल. पण कुठेही द्याल तर आधी लेखी यादी करा, आणि वही व ग्राफ एकत्रच राहतील अशी अट घाला.

---

तिसरी_शिफ्ट

माझे वडील अशोक चौकाच्या मागच्या बाजूला यंत्रमाग चालवायचे. डिझाइनवाले काका आमच्याकडे पहिलं कापड बघायला यायचे. आमच्या घरात तेलुगू बोलतात. ते मोडकंतोडकं तेलुगू बोलायचे आणि माग सुरू करताना वडिलांना म्हणायचे, "मेल्लगा, मेल्लगा." हळू, हळू. आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथोत्सवाला ते काकूंना घेऊन यायचे. आमच्या ओट्यावर काकूंसाठी खुर्ची ठेवलेली असायची. गर्दीत त्यांना कुणाचा धक्का लागू नये म्हणून काका पुढे हात आडवे करून उभे राहायचे, रथ जाईपर्यंत. माझ्या वडिलांना टीबी झाला तेव्हा औषध चालू असताना सहा महिने माग दुसऱ्या माणसाने चालवला. त्या काळात काकांनी पहिलं कापड दुसरीकडे दिलं नाही. "माग याचाच आहे," म्हणाले.

वडील आता नाहीत. तुमच्या वहीत त्यांचं नाव असेल तर ते पान मला बघायचं आहे.

---

धाकटी_पाती

ताई, मी तुझी चुलत बहीण, ओळखलंस. मला थोडं वेगळं लिहायचंय.

काका आमच्याकडे लातूरला कधी आले नाहीत. दादाच्या लग्नाला नाही, माझ्या नाही. काकू प्रवास करू शकत नव्हती आणि तिला सोडून ते एक रात्रही बाहेर राहत नसत. माझ्या वडिलांना, म्हणजे त्यांच्या सख्ख्या भावाला, हे फार लागलं होतं. शेवटपर्यंत ते म्हणायचे, "त्याला फक्त त्याचं घर." मी हे दडवत नाही, कारण ते खरं आहे. एका माणसाच्या दिवसात तेवढेच तास असतात, आणि त्यांनी ते कुणाला दिले हे आम्हाला बाहेरून दिसत होतं.

पण गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला आम्ही सोलापूरला यायचो तेव्हाचे काका मी विसरू शकत नाही. भोगीच्या दिवशी अक्षता सोहळ्याला आम्हा सगळ्या पोरांना पांढरे कपडे घालून न्यायचे. नंदीध्वज येताना दिसले की एकेकाला खांद्यावर घ्यायचे. नंदीध्वजांच्या सातही उंच काठ्या प्रत्येकाला दिसल्याच पाहिजेत, म्हणून परत परत उचलायचे. घरी आल्यावर शेंगाची चटणी, कडक भाकरी, दही. सगळं त्यांनीच केलेलं. काकू बसल्या जागेवरून सांगायची, मीठ कमी आहे, आणि ते म्हणायचे, "तुझ्या हाताने घाल, तुझा अंदाज बरोबर असतो." तो दोरा गुंडाळलेला चमचा तिच्या हातात द्यायचे. तिला दुखायचं, तरी ती घालायची.

माझ्या वडिलांनी शेवटच्या आजारपणात काकांचीच चादर मागून घेतली होती. नाव नव्हतं तिच्यावर, पण त्यांना माहीत होतं.

---

भुईकोट

वहीबद्दल वाचलं. माझा मुद्दा मागे घेतो. दोघांची नावं लिहिलेली वही सोलापूरच्या या धंद्यात मी तरी दुसरी पाहिलेली नाही. ही छापली पाहिजे.

---

कंबरतलाव

सगळ्यांचे आभार. उत्तरं द्यायला उशीर झाला, आईला वाचून दाखवत होते. तिने @तिसरी_शिफ्ट यांचा प्रतिसाद परत वाचायला लावला. तुमच्या वडिलांचं नाव वहीत आहे, बऱ्याच पानांवर. तुम्ही खाजगी निरोपात पत्ता द्या, त्या पानांचे फोटो पाठवते. वही बघायला घरी आलात तर आईला फार बरं वाटेल. तिला तुमचा ओटा आठवतो.

@धाकटी_पाती, तू लिहिलंस ते बरं केलंस. मोठ्या काकांचा राग आईलाही ठाऊक होता. ती बाबांना म्हणायची, जाऊन या, एक रात्र बहिणीला बोलावते. ते ऐकायचे नाहीत. यात त्यांचं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही.

ठरलंय ते असं. माळा सुट्या करायच्या नाहीत, जशा आहेत तशा सुती कापडात बांधून खाली आणते. कसर लागलेले ग्राफ कालच वेगळे काढले. @कागदपत्र यांनी सांगितल्याप्रमाणे पट्टी ठेवून फोटो काढायला भाचा तयार आहे. यादीत प्रत्येक नक्षीपुढे तीन रकाने : काढली कुणी, पत्ते ठोकले कुणी, पहिल्यांदा विणली कुणी. मधल्या रकान्यात @पियानो_मशिन दादांचं नाव येईल, तेव्हा त्यांनी बसून आठवून द्यायचं आहे.

आणि कुणाकडे जुन्या सोलापुरी चादरी असतील, कितीही विटलेल्या, तर दोन्ही बाजूंचे फोटो इथे टाका. ग्राफशी ताडून बघता येईल. @हुरडा, तुमच्या मरून-पिवळ्या चादरीतल्या मोराच्या मानेचा जवळून फोटो पाठवा. टाचण कुठे दिली आहे ते बघायचं आहे.

---

पियानो_मशिन

रविवारी सकाळी येतो. भिंग माझ्याकडे आहे. हार्नेसची बांधणी ग्राफवर लिहिलेली नसेल तिथे पत्त्यांवरून काढता येईल का बघतो. काही कारखान्यांचे जुने हार्नेस कसे बांधले होते ते माझ्या लक्षात आहे. काकूंना सांगा, आठला येतो, चहा घेतो.

---

हुरडा

फोटो टाकलाय, दोन्ही बाजूंचा. मानेपाशी तीन ठिकाणी बारीक पिवळे ठिपके आहेत. आजवर वाटायचं, डाग आहेत.